तांब्याच्या तळाचं नाव

पुण्याहून संभाजीनगरला जाताना सगळा वेळ माझ्या मांडीवर एक पितळी तांब्या होता. टॉवेलात गुंडाळलेला, वरून कापडी पिशवी. शेजारच्या बाईंनी दोनदा पिशवीकडे बघितलं आणि शेवटी हळूच विचारलं, अस्थी आहेत का? मी म्हटलं, नाही हो, आजी आहे. त्यानंतर त्या खिडकीकडे जरा सरकूनच बसल्या.

खोटं काही बोलले नव्हते. आजीची म्हणून एवढीच वस्तू आमच्या घरात आहे. तिला मी पाहिलेलं नाही आणि आईनंही पाहिल्यासारखं नाहीच. आई तीन वर्षांची असताना तिची आई, पार्वती, मनमाडच्या रेल्वेच्या चाळीत तापानं गेली. वडील रेल्वेत कारकून. दोन वर्षांनी त्यांना पूर्व आफ्रिकेतल्या रेल्वेत नोकरी मिळाली आणि पाच वर्षांच्या इंदूला, म्हणजे आमच्या आईला, घेऊन ते बोटीनं नैरोबीला गेले. तिथं त्यांनी दुसरं लग्न केलं. पहिल्या बायकोचं नाव घरात निघायचंच बंद झालं.

आई नैरोबीत वाढली. अजूनही कुणी घाई केली की 'पोलेपोले' म्हणते, म्हणजे सावकाश. तिचं लग्नही तिथंच, नोकरीसाठी आलेल्या एका पुणेकराशी झालं. मंगलाष्टकांच्या वेळी नवरीच्या पाठीशी मामा उभा राहतो, त्या जागी शेजारचे पटेलकाका उभे राहिले. पटेलकाका फार चांगले होते, असं आई दर वेळी सांगते आणि मग विषय बदलते. पुढे आईबाबा पुण्याला परत आले आणि तांब्याही त्यांच्याबरोबर परत आला.

तांब्याच्या पोटावर ठिपक्याठिपक्यांनी नाव घातलंय: गणपत विठोबा, वैजापूर. हेच आपले आजोबा, असं आई जन्मभर धरून चालली होती. यंदा दिवाळीत फराळ करता करता तिनं मला विचारलं, "आई गेल्यावर तिच्या माहेरचं कुणीच कसं आलं नाही गं मला बघायला?" आई शहाऐंशी वर्षांची आहे. एवढी वर्षं तिनं हा प्रश्न कुणालाच विचारला नव्हता.

संभाजीनगर, शनिवार

मी तीस वर्षं विम्याच्या दाव्यांच्या टेबलावर काढली. माणूस गेलाय, हेसुद्धा दाखला बघितल्याशिवाय मानायचं नाही, ही आमची शिस्त. त्यामुळे वंशावळीचा छंद असलेल्या लोकांबद्दल माझं मत फारसं बरं नव्हतं. मला वाटायचं, या लोकांना चार पिढ्या मागे गेलं की कुठला तरी सरदार हमखास सापडतो. पण दिवाळीनंतर कुणीतरी मला फोनवरच्या अशाच एका गटात घातलं आणि आठवड्याभरात माझं मत बदललं. कुणी आजोबांचा शाळेतला दाखला शोधतंय, कुणी पणजीचं गाव. कुणालाही सरदार नको होता.

गटाच्या सूत्रधार सुनंदाताई. इतिहासाच्या निवृत्त शिक्षिका, आवाज अजूनही शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा. स्टँडवर त्यांनी मला बघितलं नाही, आधी पिशवीच मागितली. घरी गेल्यावर जेवणाच्या टेबलावर त्यांनी एक मोठा कागद पसरला. वैजापूरच्या गणपत विठोबांची अख्खी वंशावळ, पाच पिढ्यांची. एका कोपऱ्यात लाल शाईनं 'पार्वती' लिहून प्रश्नचिन्ह घातलेलं. त्या घरात पार्वती नावाची मुलगी कुणाला आठवत नव्हती, पण जुन्या मुलींची नावं कोण लक्षात ठेवतं, असं सुनंदाताईंचं म्हणणं होतं. मलाही ते पटलं. म्हणजे एवढ्या वर्षांची शिस्त मी त्या टेबलावर ठेवूनच दिली.

दुपारी शेख सर आले. हे मूळचे घड्याळजी. सर म्हणतात ते गटातलेच लोक, कारण निजामाच्या काळातले उर्दू कागद त्यांच्याकडूनच वाचायला शिकतात. कुणबी नोंदी शोधायची धावपळ झाली तेव्हा तहसिलातली ती जुनी बाडं वाचणारं माणूस मिळेना. शेख सरांनी डोळ्याला घड्याळाचं भिंग लावून गावंच्या गावं वाचून काढली आणि तेव्हापासून त्यांना हा नाद लागला. स्वतःच्या आजोबांचं गाव मात्र त्यांना अजून सापडलेलं नाही. मी त्याबद्दल विचारलं, तर म्हणाले, "मिल जाएगा. तवर दुसऱ्यांचं शोधायचं."

रात्रीचं जेवण सुनंदाताईंकडे. वांग्याच्या भाजीनं माझ्या डोळ्यांत पाणी आणलं आणि त्यांनी लगेच साखरेचा डबा पुढे केला. पुण्याच्या माणसाला लागते ना, म्हणाल्या. मी मान वर न करता जेवले.

वैजापूर, रविवार

सुनंदाताईंच्या गाडीतून आम्ही तिघं वैजापूरला निघालो. वाटेत कापूस वेचून झालेली शेतं, कांद्याच्या गोण्या भरलेले ट्रॅक्टर. मी बोटानं तांब्यावरची अक्षरं चाचपत होते. आईला संध्याकाळी काय सांगायचं, त्याची वाक्यं मनात जुळवत होते.

गणपत विठोबांच्या घरची मंडळी दारात उभी होती. जुनी अडत आता त्यांच्याकडे राहिली नाही, बियाण्यांचं दुकान आहे. त्यांनी माझे पाय धुतले, मला पाटावर बसवलं आणि सुनेनं खणानारळानं ओटी भरली. मी भराभर सगळ्यांना नाती लावत सुटले. कुणी मामा झाला, कुणी मावशी झाली. मग आतून मथुराबाई आल्या. गणपत विठोबांची नातसून, नव्वदीच्या पुढची, पण नजर सुईत दोरा ओवण्याइतकी साफ. त्यांनी तांब्या हातात घेतला, फिरवला आणि हसल्या.

"ह्यो तांब्या आमचाच हाये," त्या म्हणाल्या. "पण बाई, तुझी आजी आमची नव्हं."

मग त्यांनी सगळं सांगितलं. त्यांच्या आजेसासऱ्यांची अडत होती तेव्हा कन्नडकडून, घाटाच्या पायथ्याकडून कापसाच्या गाड्या यायच्या. गाडी आणणाऱ्या कुणबिकीतल्या माणसाच्या घरी मुलीचं लग्न निघालं, की आजेसासरे आहेराचा एक तांब्या द्यायचे. वीस-वीस तांबे एकदम घ्यायचे आणि सगळ्यांवर स्वतःचं नाव घालून ठेवायचे. माळ्यावर तसला एक तांब्या अजून होता, तो त्यांनी काढून आणायला लावला. तोच घाट, तीच अक्षरं. म्हणजे आई ऐंशी वर्षं ज्यांना आजोबा म्हणत होती, ते फक्त आहेर देणारे एक भले गृहस्थ होते.

ओटी परत द्यायची असते का आणि कशी, ते मला कळेना. मथुराबाईंनी ते ओळखलं असावं. ओटी राहू दे, बाईमाणूस रित्या पदरानं जात नसतं, असं त्या म्हणाल्या. मग त्यांनी माळ्यावरून आलेला तांब्या उलटा केला आणि माझ्यापुढे धरला. तळाला बारीक अक्षरात काहीतरी होतं.

"सासरी गेली का पोरीचं नाव बदलत्यात," त्या म्हणाल्या. "मग तिला तिच्या नावानं हाक मारणारं कोण राहतं? म्हणून आमचे आजे माहेरचं नाव तळाला घालायचे. घासताना तरी दिसंल. तुझ्या तांब्याचा तळ बघ."

मी आमचा तांब्या उलटा केला. तळाला रुपयाहून मोठं पितळी ठिगळ होतं. नैरोबीत तांब्या गळायला लागला तेव्हा आईच्या वडलांनी तिथल्या फुंडीकडून, म्हणजे कारागिराकडून, ते बसवून घेतलं होतं. आईनं मला लहानपणी कितीदा सांगितलं होतं. नाव असलंच, तर त्या ठिगळाखाली होतं.

परतताना गाडी शेख सरांनी चालवली. वंशावळीचा कागद सुनंदाताईंनी घडी करून मांडीवर धरला होता. मध्येच त्या म्हणाल्या, "तीन महिने मी पार्वतीला शोधत होते, आणि मी स्वतः लग्नाआधी कुसुम होते. एवढंही माझ्या डोक्यात आलं नाही." मी त्यांचा हात धरला. माझीही चूक काही लहान नव्हती. जन्मभर लोकांचे कागद उलटून पालटून बघितले आणि घरातला तांब्या एकदाही पालथा केला नाही.

पुन्हा संभाजीनगर, सोमवार

शेख सरांच्या ओळखीचे एक कल्हईवाले चाचा जुन्या बाजारात बसतात. त्यांनी तांब्या कानाशी धरून टिचकी मारली, ठिगळावरून अंगठा फिरवला आणि सांगितलं की निघेल, पण मग हा पाणी धरणार नाही. पितळ खालून पातळ झालंय. पुन्हा ठिगळ लावायचं तर नाव पुन्हा झाकलं जाणार.

निर्णय माझा नव्हता. मी दुकानाच्या पायरीवर बसून आईला फोन लावला. आधी वैजापूरचं सगळं सांगावं लागलं. गणपत विठोबा आपले नव्हेत, हेही सांगितलं. मग मी ठिगळाचं सांगितलं. तिनं विचारलं, ठिगळ काढलं तर पाणी राहील का? मी नाही म्हटलं.

"आणि नाव राहील ना?"

"असलं तर राहील."

"मग काढायला सांग," आई म्हणाली. "पाणी काय, फुलपात्रानंही पिता येतं."

चाचांनी भट्टी फुलवली. तळ तापवून, चिमट्यानं पोलेपोले, अगदी आईच्या भाषेतच, त्यांनी ते ठिगळ सोडवलं. खाली काळा राप होता. चिंच आणि राख लावून ते घासत बसले आणि आम्ही तिघं त्यांच्या डोक्यावर वाकून उजेड अडवत होतो. दोनदा त्यांनी आम्हाला बाजूला केलं. शेवटी शेख सरांनी खिशातून भिंग काढलं आणि वाचलं: गोदा. बाळाजी. निंबखोरी.

मी आईला पुन्हा फोन लावला. म्हटलं, आई, तिचं नाव गोदा होतं. मग ती म्हणाली, "परत सांग." मी परत सांगितलं. तिनं स्वतः दोनदा म्हणून बघितलं. मला भर बाजारात रडू आलं आणि चाचांनी स्टुलावरची इमरतीची पुडी माझ्याकडे सरकवली. मी दोन खाल्ल्या.

निंबखोरी हे कन्नड तालुक्यात घाटाच्या बाजूला लहानसं गाव. शेख सरांनी त्या गावाच्या जुन्या उर्दू कागदांचे फोटो पूर्वीच काढून ठेवले होते. संध्याकाळभर ते फोनवर बोटानं अक्षरं मोठी करत बसले. बाळाजी तिथं तीन निघाले. एकाला मूलबाळ नव्हतं, एक गाव सोडून गेलेला. तिसऱ्याच्या जमिनीवर पुढे मुलाचं नाव लागलं होतं, सखाराम वल्द बाळाजी. वल्द म्हणजे मुलगा. सुनंदाताईंनी कन्नडच्या एका विद्यार्थ्याला फोन केला. सखाराम केव्हाच गेले, पण त्यांचे चिरंजीव एकनाथराव गावातच असतात, असं अर्ध्या तासात कळलं. कागदाच्या बाबतीत ही माणसं आमच्या कचेरीपेक्षा फार चटपटीत आहेत.

निंबखोरी, मंगळवार

कन्नडला त्या दिवशी आठवडी बाजार होता. उसाच्या गाड्या आणि जीपगाड्या यांच्यात आमची गाडी बराच वेळ अडकली. शेख सर तेवढ्यात उतरून ताजे हरभरे घेऊन आले आणि आम्ही ते सोलून खात बसलो. पुढे रस्ता डोंगराच्या कुशीत शिरला. हवा गार झाली.

एकनाथराव पंचाहत्तरीचे, उंच, पांढरं धोतर, कानाला मफलर. या वेळी मी कुणालाही मामा म्हणायचं नाही, असं ठरवून गेले होते. काही न सांगता तांब्या त्यांच्या हातात दिला आणि तळ वर केला. त्यांना अक्षरं दिसेनात. त्यांच्या सुनेनं वाचून दाखवलं. एकनाथरावांनी त्या अक्षरांवरून बोट फिरवलं.

"गोदाआत्याचा हाये ह्यो," ते म्हणाले. "आवो, इतके दिवस कुठं व्हता तुमी?"

सुनंदाताईंनी मला कोपरानं ढोसलं. मी म्हटलं, आफ्रिकेत. आणि मग एकदम सगळे बोलायला लागले.

गोदाचे भाऊ ते सखाराम. घरात त्यांना तात्या म्हणत. गोदा गेल्याचं पत्र गावात महिन्याभरानं पोचलं. तेव्हा तात्या कोवळे, सतरा-अठराचे, घरात दुसरा कर्ता नाही. ते मनमाडला गेले. जावयांनी मुलगी द्यायला नकार दिला, माझी लेक मीच वाढवीन म्हणाले. तात्या भाचीला एक परकर-पोलकं देऊन परत आले. दोन वर्षांनी थोडं हाताशी आल्यावर तात्या पुन्हा गेले, तर चाळीच्या खोलीला कुलूप. शेजाऱ्यांनी सांगितलं, बोटीनं गेले, कुठं ते माहीत नाही. तात्या त्या कुलपाशी दिवसभर बसून राहिले होते म्हणे.

मी ऐकत होते, पण आतली दाव्यांच्या टेबलावरची बाई जागी होती. हे सगळं ऐकीव आहे, ती म्हणत होती. आईला मी काय दाखवणार? माणसं पाहुण्यांना बरं वाटेल असं सांगतात. वैजापुरात एकदा फसून झालं होतं.

इतक्यात दारात जीप थांबली. एकनाथरावांनी शेजारच्या गावातून बहिणीला बोलावून घेतलं होतं. सत्तरीची बाई, हिरवं लुगडं, हातात भाकरीचं फडकं. एकनाथराव म्हणाले, ही माझी बहीण, इंदू.

मी त्यांच्याकडे बघतच राहिले. त्या माझ्याजवळ येऊन बसल्या आणि सहज सांगितलं, आपलं नाव आपलं नाही म्हणून. तात्यांची भाची होती इंदू, समुद्रापार हरवलेली. आपल्याला पोरगी झाली तर तिचंच नाव ठेवायचं, असं तात्यांनी लग्नाआधीच ठरवलं होतं. "मला हाक मारताना तात्या कदी कदी उगं थांबायचे," त्या म्हणाल्या. "मला लहानपनी लई राग यायचा. मंग कळलं."

आतली बाई गप्प झाली. यापुढे दाखला मागण्यात अर्थ नव्हता. मी एकनाथरावांना मामा म्हटलं आणि वाकून नमस्कार करायला गेले, तर ते चटकन मागे सरले. आमच्याकडे मामाच्या पाया पडतात. त्यांच्याकडे उलटं असतं. तिथं भाची मानाची, मामा तिच्या पाया पडतो, आणि भाचीची लेकसुद्धा त्याच मानाची. पंचाहत्तर वर्षांचे गृहस्थ माझ्यासमोर वाकले तेव्हा मला कुठं बघावं ते कळेना.

आईला फोन लावायचा तर गावात रेंज फक्त पाण्याच्या टाकीजवळ. मग सगळं घर टाकीकडे निघालं, सुना, शेजारी, मागून दोन शेळ्या. फोनच्या चौकटीत आई दिसली. चष्मा घालून, केस विंचरून, चांगली साडी नेसून तयार बसली होती. मी ओळखी करून दिल्या. आईनं ऐकून घेतलं आणि तिला जे विचारायचं होतं तेच विचारलं.

"मला न्यायला कुणी आलं होतं का?"

एकनाथमामांनी फोन दोन्ही हातांनी धरला. "व्हय," ते म्हणाले. "दोनदा. दुसऱ्या बारीला कुलूप व्हतं."

आईनं चष्मा काढून पदरानं पुसला. मग इंदूबाई फोनसमोर आल्या आणि दोन म्हाताऱ्या इंदू एकमेकींकडे बघत राहिल्या. आई म्हणाली, परकर हिरवा होता. मला वाटायचं, तो मी स्वप्नात बघितलाय.

तिथं जेवल्याशिवाय कुणी सोडणार नव्हतं. बाजरीची भाकरी, ठेचा, बेसन आणि माझ्या डोळ्यांतलं पाणी. या वेळी त्यासाठी ठेच्याला बोल लावायची सोय होती. निघताना शेख सर मामांच्या गोठ्याजवळ उभे राहून डोंगराकडे बघत होते. मी म्हटलं, सर, आता तुमच्या आजोबांचं गाव. मी येईन मदतीला. ते हसले आणि म्हणाले, पहले उर्दू सीखो. त्याच आठवड्यात मी शिकायला लागले.

पुणे

तांब्या आता पाणी धरत नाही. आमच्या दिवाणखान्यात तो पालथा ठेवलेला असतो आणि येणारा प्रत्येक माणूस आधी पालथा का, हेच विचारतो.

परवा एकनाथमामा आणि इंदूबाई पुण्याला आले. मामांनी बाजरीचं पीठ, शेंगा आणि हिरव्या खणाचं एक पोलकं आणलं होतं. आईला दार उघडायला जायचं होतं, पण तिच्या गुडघ्यांनी नकार दिला, म्हणून ती खुर्चीतच बसून राहिली. मामांनी वाकून तिला नमस्कार केला. ती मोठी, ते धाकटे, म्हणून तिनं डोक्यावर हात ठेवून आशीर्वाद दिला. मामा उठले, आणि पुन्हा वाकले.

आईनं पाय मागे घेतले. म्हणाली, अरे, झाला की आत्ता.

"तो माझा व्हता," मामा म्हणाले. "ह्यो तात्याचा. त्यांचा राहिला व्हता."

आईनं पाय पुन्हा पुढे केले. या वेळी तिनं आशीर्वाद दिला नाही. मामा वाकून होते तेवढा वेळ ती त्यांच्या पाठीकडे बघत होती. मग तिनं त्यांच्या दंडाला धरून त्यांना वर उठवलं आणि पाच वर्षांच्या पोरीनं पाहुण्याला म्हणावं तसं म्हणाली, "मामा, लांबून आलात. बसा ना."